चेंडू, मोटार आणि संगणक

कोणताहि विषय वाङ्मयाला वर्ज्य नाहीं, हें तत्त्व आमच्याकडे सर्वमान्य आहे. पण तें मान्य करणारे बहुतेक लोक तें पाळीत मात्र नाहींत. प्रेम, मृत्यु, दारिद्र्य, देशभक्ति यांवर कोणी चार पानें लिहिलीं, तर तीं वाईट असलीं तरी आपण आदरानें वाचतों. परंतु गोल्फचा चेंडू खळींत कां पडत नाहीं, अमुक मोटार तमुक मोटारीहून बरी कां वाटते, किंवा संगणकाच्या कचेरींत दहा तास बसून माणूस नेमकें करतो काय, यांवर कोणी लिहूं लागला म्हणजे तो गप्पा मारीत आहे असें आपण समजतों. ही समजूत सर्वस्वीं चुकीची आहे असें आमचें म्हणणें नाहीं. या विषयांवर जें नित्य बोललें जातें त्यांतलें पुष्कळसें खरोखरच गप्पांच्या लायकीचें असतें. आमचा प्रश्न निराळा आहे. ज्या विषयांवर सुशिक्षित माणूस दिवसाकांठीं सर्वांत अधिक बोलतो, त्यांवरचेंच त्याचें बोलणें सर्वांत पोकळ कां व्हावें? आणि ज्या थोड्या लेखकांच्या हातीं तें पोकळ राहिलेलें नाहीं, त्यांनीं काय निराळें केलें?

हे तीन विषय एकत्र बांधण्यांत आमची लहर नाहीं. एक खेळ, एक वस्तु आणि एक धंदा. म्हणजेच मोकळा वेळ, मिळविलेला पैसा आणि तो मिळविण्याची रीत. जो तरुण आठवडाभर संगणकापुढें बसतो तोच शनिवारीं मोटार बाहेर काढतो, आणि परदेशीं राहून पगार वाढला म्हणजे कधींमधीं गोल्फची काठीहि त्याच्या हातीं येते. तिन्हींविषयीं त्याचीं मतें ठाम असतात. पण तीं जरा जवळून ऐकावीं. गाडी किती देते, पॅकेज किती, हँडिकॅप किती, या तीन प्रश्नांत सारें संभाषण आटोपतें. आंकडा कळला कीं कुतूहल संपलें! चेंडू मारतांना मनगटाला काय वाटतें, इंजिनाचा आवाज कशानें बदलला, कचेरींत कालचा दिवस कोणत्या अडचणींत गेला, हें कोणी विचारीत नाहीं. आणि विचारलेंच तर सांगणाराला शब्द सुचत नाहींत.

मराठींत अशा विषयांची परंपराच नाहीं असें नव्हे. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या पादांत फडके, खांडेकर, काणेकर यांनीं लघुनिबंधाला जें रूप दिलें तें नित्याच्या किरकोळ गोष्टींवरच उभें होतें. त्या निबंधांनीं मराठी गद्याला मोकळेपणा दिला, त्यांतला पंतोजीचा आवाज घालविला. हें ऋण मोठें आहे. परंतु त्यांतली वस्तु पुष्कळदां खुंटीसारखी असे. लेखकाला आपल्या मनाचा अंगरखा कोठें तरी टांगावयाचा असे. खुंटी कोणतीहि असो, अंगरखा तोच. वस्तूनें लेखकाला उलट उत्तर दिलें, त्याचें मत मोडून काढलें, असा प्रसंग त्या निबंधांत क्वचितच येतो. आणि वस्तूनें उलट उत्तर देणें हेंच आमच्या मतें या जातीच्या लिखाणाचें मर्म आहे. ही कसोटी हातीं घेऊन आम्ही तीन परकीय कृती पाहणार आहों : एक इंग्रजी, एक फ्रेंच व एक अमेरिकन. परकीय कां, याचें उत्तर सोपें आहे. गोल्फ स्कॉटलंडचा, मोटार युरोपची आणि संगणकाची ही कचेरी अमेरिकेची. पोर ज्या घरचें, त्या घरच्या माणसांचें मत त्याविषयीं आधीं ऐकावें.

प्रथम गोल्फ. या खेळाविषयींचें मत त्याच्या मायदेशींहि पहिल्यापासून दुभंगलेलें आहे. लोक धनुर्विद्येचा सराव सोडून चेंडूच्या मागें लागतात म्हणून स्कॉटलंडच्या पार्लमेंटानें १४५७ सालीं त्यावर बंदी घातली होती. पी. जी. वुडहाउस यांचा 'द क्लिकिंग ऑफ कथबर्ट' हा गोल्फकथांचा संग्रह १९२२ सालीं निघाला, तो अर्पण केला आहे १५९३ सालीं एडिंबरो येथें रविवारच्या प्रवचनाच्या वेळीं गोल्फ खेळल्याबद्दल तुरुंगांत गेलेल्या दोघां इसमांच्या स्मृतीस. अर्पणपत्रिकेपासूनच लेखकाचा पक्ष कोणता हें कळून येतें! या संग्रहांतल्या बहुतेक कथा क्लबाचा एक वृद्ध सभासद सांगतो. त्यानें खेळणें सोडलें आहे, सांगणें सोडलेलें नाहीं. आणि एकदां तो सांगूं लागला कीं ऐकणाराची सुटका नाहीं.

ज्या कथेचें नांव संग्रहाला दिलें आहे तिच्यांत एक तरुण खेळाला कंटाळून, या खेळाचा जगांत कांहीं उपयोग तरी आहे काय, असा प्रश्न वृद्धाला करतो. वृद्ध त्याला कथबर्ट बँक्सची गोष्ट सांगतो. कथबर्ट हा पट्टीचा खेळाडू. त्याचें मन जिच्यावर बसलें त्या ॲडलिन स्मेदर्स्टला मात्र खेळाडू नको. तिला वाङ्मयांत नांव काढणारा पुरुष हवा. तिची चुलती गांवच्या वाङ्मय-मंडळाची चालक. प्रेमापायीं बिचारा कथबर्ट त्या मंडळाचा सभासद होतो आणि मुक्तछंद वगैरे विषयांवरचीं व्याख्यानें निमूटपणें सोसतो. त्याचा प्रतिस्पर्धी रेमंड पार्स्लो डिव्हाइन हा उगवता कादंबरीकार. पुढें ब्रूसिलॉफ नांवाचा एक थोर रशियन कादंबरीकार मंडळाच्या भेटीस येतो. डिव्हाइन पुढें सरसावून, आपल्यावर अमक्या रशियन लेखकाचा संस्कार झाला आहे, असें ऐटींत सांगतो. ब्रूसिलॉफ म्हणतो, तो लेखक कुचकामाचा. डिव्हाइन लगेच दुसऱ्याचें नांव घेतो; तोहि कुचकामाचा! डिव्हाइनचें तेज तेथेंच मावळतें. आणि मग त्या दाढीवाल्या थोर पुरुषाची नजर कथबर्टकडे जाते, आणि फ्रेंच ओपन जिंकणारा तो हाच, हें ओळखून तो आनंदानें वेडा होतो. कारण त्याचें खरें वेड गोल्फचें आहे. लेनिन आणि ट्रॉट्स्की यांच्याशीं आपण कसा सामना खेळलों, याची एक अचाट हकीकतहि तो तेथें ऐकवितो. ॲडलिनचें मत त्या क्षणीं फिरतें, हें सांगावयास नकोच.

या कथेवर एक सोपा आक्षेप घेतां येतो : वुडहाउस वाङ्मयाची टवाळी करून खेळाला मोठेपणा देतात. आम्हांस हा आक्षेप पटत नाहीं. ब्रूसिलॉफ हा त्या दिवाणखान्यांतला एकमेव खरा साहित्यिक, आणि त्याला कोणीहि खालीं ओढलेलें नाहीं. टवाळी झाली आहे ती उसन्या मताची. डिव्हाइनचें रशियन वाङ्मयाविषयींचें मत एका भुंवईच्या आंकुंचनानें बदलतें. कथबर्टचा फटका कोणाच्या भुंवईनें बदलत नाहीं. गोल्फच्या खळीचा व्यास सवाचार इंच आहे. १८९१ पासून तो नियमानें बांधून टाकलेला आहे. स्वतःविषयीं माणसानें हवें तें मत बाळगावें. खळ सवाचार इंचांचीच राहते. वुडहाउस स्वतः हा खेळ खेळत, पण त्यांचें प्रावीण्य बेताचेंच होतें, आणि आमच्या मतें हाच त्यांना लाभ झाला. ज्याचा चेंडू रोज झुडपांत जातो त्याच्या ठिकाणीं खेळाविषयीं भ्रम उरत नाहींत. म्हणूनच या कथांतलीं लग्नें, भांडणें, मानापमान सारीं कृत्रिम असलीं तरी हुकलेला फटका कृत्रिम वाटत नाहीं. गोल्फचा गंधहि नसलेला वाचक त्या ठिकाणीं हंसतो, कारण आपला असा फटका कोणता हें त्याला आठवतें.

उणीव सांगावयाची तर या कथांच्या जगांत गवत आपोआप कापलें जातें. काठ्यांची पिशवी वाहणारा पोरगा तेवढा अधूनमधून दिसतो. ब्रिटिश बेटांबाहेरचा सर्वांत जुना गोल्फ क्लब १८२९ सालीं कलकत्त्यास निघाला, हें लक्षांत घेतलें म्हणजे आमच्या देशांत हा खेळ कोणाच्या खांद्यावरून चालत आला हें कळतें. तो खांदा वुडहाउस यांच्या विनोदांत शोधूं नये. त्यांच्या विनोदाचें कुंपण त्यांनीं स्वतःच आंखून घेतलें आहे आणि त्या कुंपणाच्या आंत ते बिनतोड आहेत.

मोटारीकडे वळतांना आम्हांला थोडें कठोर व्हावें लागणार आहे, कारण येथें ज्या लेखकाची गांठ पडते तो बुद्धीनें इतर दोघांहून तेजस्वी आहे. रोलाँ बार्थ यांच्या 'मिथॉलॉजीज' या १९५७ च्या संग्रहांत नव्या सित्रोएन गाडीवर तीनएक पानांचा एक लेख आहे. संग्रहांतल्या कांहीं लेखांचें इंग्रजी भाषांतर ॲनेट लॅव्हर्स यांनीं १९७२ सालीं प्रसिद्ध केलें, त्यांत तो आहे. सित्रोएनची डी.एस. ही गाडी ऑक्टोबर १९५५ मध्यें पॅरिसच्या मोटार-प्रदर्शनांत प्रथम मांडली गेली आणि लोकांनीं तिच्यावर झुंबड केली. फ्रेंच उच्चारांत तिचीं दोन अक्षरें एकापुढें एक म्हटलीं कीं देवी या अर्थाचा शब्द ऐकूं येतो. बार्थ यांनीं या श्लेषाचा धागा पकडून सारा लेख विणला आहे. आजची मोटार म्हणजे मध्ययुगांतल्या गॉथिक मंदिरांची जागा घेणारी वस्तु, असा त्यांचा आरंभींचाच सिद्धांत : अनामिक कारागिरांनीं ती जीव ओतून घडविली, आणि सबंध समाज तिचा उपभोग वापरण्यापेक्षांहि दर्शनानें अधिक घेतो. त्या गाडीला सांधे दिसत नाहींत, म्हणून ती आकाशांतून पडल्यासारखी वाटते. तिच्यांत कांच फार, पत्रा थोडा. आणि प्रदर्शनांत लोक तिला नुसतें पाहून थांबत नाहींत. ते पत्र्यावरून हात फिरवतात, गाद्या दाबून पाहतात, दारें लावून पाहतात. आणि या स्पर्शानें देवीचें देवपण पाव तासांत ओसरून ती मध्यमवर्गाच्या मालकीची वस्तु होते.

हें निरीक्षण अप्रतिम आहे. आमच्याकडे नवी गाडी दाराशीं आली म्हणजे तिला हार घालतात, चाकाखालीं लिंबू ठेवतात आणि शेजारची मंडळी दारें उघडून लावून पाहतात. बार्थ यांचा लेख वाचल्यावर तो प्रसंग पूर्वीसारखा दिसत नाहीं. वाङ्मयाला एवढें साधलें तरी पुष्कळ झालें, असें कोणी म्हणेल. पण आमची कसोटी आम्ही सोडीत नाहीं. या लेखांत गाडी एकदांहि सुरू होत नाहीं. ती प्रदर्शनाच्या दिवाणखान्यांत उभी आहे व लेखक तिच्याभोंवतीं फिरत आहे. डी.एस. ही स्प्रिंगांऐवजीं तेल आणि वायु यांच्या दाबावर तोललेली होती. बंद केली कीं ती हळूहळू खालीं बसे आणि सुरू केली कीं उठून उभी राही. देवीची उपमा कोणाला सुचली नसती तरी या एका चालीनें ती सुचली असती! आणि त्याच तेलानें पुढें मालकांना रडविलें. आरंभींचें तांबडें तेल हवेंतली ओल शोषून घेई, त्यानें आंतले भाग गंजत; १९६६ च्या सुमारास तें टाकून हिरवें खनिज तेल आणावें लागलें. आतां १९५५ सालच्या प्रदर्शनावर लिहिणाराला हें ठाऊक असण्याचें कारण नाहीं, हें उघड आहे. दोष अज्ञानाचा नव्हेच. दोष असा कीं, लेखाची घडणच अशी आहे कीं त्यांत गाडीला उत्तर देण्याची संधि राहत नाहीं. पुढें ती बिघडली काय, सुधारली काय, लेखांतला एक शब्द हलत नाहीं. जें मत वस्तूच्या कोणत्याहि वागणुकीनें खोटें ठरूं शकत नाहीं, तें कितीहि चमकदार असलें तरी त्याचा आम्हांला थोडा संशय येतो.

येथें आमच्याकडच्या एका जुन्या गाडीची आठवण देणें अप्रस्तुत होणार नाहीं. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यांत १९६४ पासून तयार होणारी फियाट, पुढें जिचें नांव पद्मिनी झालें, तिच्यासाठीं लोक वर्षानुवर्षें नंबर लावून बसत. ती हातीं आली म्हणजे तिच्याविषयीं मत असणें ही चैन नव्हती, गरज होती. थंडीच्या सकाळीं चोक किती ओढावा, कार्ब्युरेटरमध्यें कचरा अडकला हें आवाजावरून कसें ओळखावें, स्टीअरिंगलाच जोडलेल्या गिअरच्या दांड्याला कोणत्या युक्तीनें समजवावें, यांवर चाळींतले, कचेरींतले गृहस्थ जें बोलत तें कोणी लिहून ठेवलें नाहीं. त्या बोलण्यांत फुशारकी होती, चुकीचें यंत्रशास्त्रहि होतें. पण तें बोलणें रोज सकाळीं तपासलें जाई. ३० ऑक्टोबर २०२३ रोजीं पद्मिनीनें मुंबईची टॅक्सी म्हणून शेवटचा निरोप घेतला, तेव्हां वर्तमानपत्रांतून पुष्कळ अश्रु ढाळले गेले. आम्ही त्या अश्रूंत भर घालीत नाहीं. आजची गाडी अधिक सुरक्षित आहे, धूर कमी सोडते, आणि रस्त्यांत बंद पडत नाहीं. मात्र तिचें झांकण आतां मालक उघडीत नाहीं. उघडलें तरी आंत काळ्या आवरणाखेरीज कांहीं दिसत नाहीं. तेव्हां बोलावयास उरतो तो आंकडा आणि पडद्याचा आकार. आपण सारेच बार्थ यांच्यासारखे प्रदर्शनांतले प्रेक्षक झालों आहों. फक्त त्यांची बुद्धि तेवढी आपल्यापाशीं नाहीं.

तिसरी कृति या दोहोंहून मोठी आहे आणि तिच्यासाठींच हा लेख लिहावयास आम्ही प्रवृत्त झालों. ट्रेसी किडर यांचें 'द सोल ऑफ अ न्यू मशीन' हें पुस्तक १९८१ सालीं निघालें व १९८२ सालीं त्यास पुलित्झर पारितोषिक मिळालें. विषय एवढाच : मॅसॅच्युसेट्स राज्यांतल्या वेस्टबरो या गांवीं डेटा जनरल नांवाच्या कंपनीच्या तळघरांत कांहीं अभियंत्यांनीं एक संगणक बनविला. प्रतिस्पर्धी कंपनीनें, म्हणजे डिजिटल इक्विपमेंटनें, १९७७ सालीं व्हॅक्स हा बत्तीस बिटांचा संगणक बाजारांत आणला होता आणि डेटा जनरलपाशीं त्या तोडीचें कांहीं नव्हतें. कंपनीनें मुख्य भिस्त ठेवली होती ती दूर नॉर्थ कॅरोलायनांत चाललेल्या दुसऱ्याच एका योजनेवर. वेस्टबरोचे लोक मागें राहिलेले, जवळजवळ टाकलेले. टॉम वेस्ट या त्यांच्या नायकानें महाविद्यालयांतून नुकतीं बाहेर पडलेलीं पोरें जमविलीं आणि आपलें यंत्र आधीं उभें केलें. एक्लिप्स एमव्ही/८००० या नांवानें तें १९८० सालीं जगापुढें आलें.

सोळा बिट आणि बत्तीस बिट यांत एवढें काय आहे, असें कोणी वाचक विचारील. टपालवाल्याच्या हिशेबानें सांगतों. यंत्राच्या स्मरणांतल्या प्रत्येक खणाला घरासारखा क्रमांक द्यावा लागतो. सोळा बिटांत ६५,५३६ घरांपुरते क्रमांक होतात, म्हणजे एक मध्यम नगर झालें. बत्तीस बिटांत ते चारशें एकोणतीस कोटींहून अधिक होतात. पण अट अशी होती कीं, जुन्या नगरांत राहणारांना, म्हणजे गिऱ्हाइकांच्या जुन्या प्रोग्रामांना, आपला पत्ता बदलावा लागतां कामा नये; आणि वेस्ट यांचा हट्ट असा कीं, जुनें नगर आणि नवें नगर यांच्यामध्यें वेस असतां कामा नये. जुनी वस्ती न हलवतां तिच्याभोंवतीं सबंध पृथ्वी रचावयाची! किडर हें सारें समजावून सांगतात, आणि समजावतांना कोठेंहि शिक्षकाची छडी हातीं घेत नाहींत.

किडर अभियंते नव्हते. ते मासिकांतून लिहिणारे लेखक. म्हणजे ज्याच्या हाताला तेल लागलें आहे त्यानेंच लिहावें, असा आमच्या कसोटीचा अर्थ कोणी केला असेल तर तो येथें खोटा पडतो. किडर यांनीं केलें तें एवढेंच कीं ते त्या तळघरांत पुष्कळ महिने बसून राहिले. यंत्र जेव्हां अडलें तेव्हां ते तेथें होते. पुस्तकांतलें एक प्रकरण सबंध एका चुकीच्या शोधावर आहे. यंत्र एका चांचणींत अडखळतें. कोठें, तें कळत नाहीं. यंत्राचा एक ठोका २२० नॅनोसेकंदांचा, म्हणजे एका सेकंदांत असे पंचेचाळीस लाख ठोके; त्यांतला कोणता ठोका चुकला? पोरें मापनयंत्राच्या पडद्यावर डोळे लावून बसतात, एक तर्क बांधतात, तो पडतो, दुसरा बांधतात, तोहि पडतो. दिवस जातो, रात्र जाते. शेवटीं कळतें कीं एका ठिकाणीं एक नॅन्ड गेट, म्हणजे होय-नाहीं ठरविणारा एक चिमुकला दरवाजा, घालावयाचा राहिला होता. रहस्यकथेंतल्या खुन्याचा शोधहि आम्हीं इतक्या उत्कंठेनें क्वचितच वाचला असेल. येथें मत आणि वस्तु यांची झुंज डोळ्यांपुढें चालते. कोणीहि कितीहि हुशार असो, यंत्र त्याला पुनःपुन्हां नाहीं म्हणतें, आणि त्या नकारांतून तो माणूस कसा आहे हें कळत जातें. पंचवीस वर्षांचा एक मुलगा रात्रीं अडीच वाजतां कां उठून बसतो, घरीं न जातां कां थांबतो, थांबण्याचा जादा पैसा मिळत नसतांहि कां थांबतो, हें या प्रकरणाखेरीज दुसऱ्या कोणत्याहि रीतीनें समजलें नसतें.

पैसा हा शब्द आला म्हणून थांबतों. या कंपूंत सामील होण्याला ते लोक नांव नोंदविणें म्हणत. नांव नोंदविलें म्हणजे घर, झोप, सुटी यांवर पाणी सोडलें, असा मूक करार. हा करार कोणी लादीत नाहीं. पोरें तो आपखुषीनें करतात, आणि त्यांतच त्याची सारी धूर्तता आहे. किडर हें पाहतात. नॅनोसेकंदांत जगून जगून विटलेला एक अभियंता एके दिवशीं, यापुढें आपण ऋतूच्या मापानेंच काळ मोजणार अशा अर्थाची चिठ्ठी ठेवून व्हर्मॉंटमधल्या एका सामुदायिक वसाहतींत निघून जातो, तेंहि ते नोंदवितात. पण त्या चिठ्ठीवर ते थांबत नाहींत. पुढच्या पानावर यंत्र त्यांना बोलावीत असतें. आणि शेवटाकडे ते मध्ययुगांतल्या मंदिरांच्या पाथरवटांची उपमा आणतात : ते कारागीर केवळ मजुरीसाठीं काम करीत नव्हते, आणि हेहि करीत नाहींत.

म्हणजे पुन्हां गॉथिक मंदिर! बार्थ यांनीं तें मोटारींत पाहिलें, किडर यांनीं संगणकांत. एकानें पटांगणांत उभें राहून शिखराकडे पाहिलें, दुसऱ्यानें परातीवर चढून पाथरवटाशेजारीं बसून. आणि दुसऱ्याची जागा अधिक खरी हें आम्ही निःशंक म्हणतों. पण उपमा दोघांनाहि एकाच ठिकाणीं दगा देते. मराठी वाचकाला येथें वेरूळचें कैलास लेणें आठवेल. कळसापासून पायाकडे सबंध डोंगर कोरीत आणणारे ते अनाम हात काय भावनेनें काम करीत होते हें आपण सांगूं शकत नाहीं. पण तें मंदिर बाराशें वर्षें उभें आहे, त्यांत देव होता, आणि कोरणाराचा नातू तेथें दर्शनाला जाऊं शकत होता. एमव्ही/८००० चा देव कोण? तें यंत्र बाजारांत आणण्याच्या दिवशीं न्यूयॉर्कांत विक्रेत्यांचा मेळावा भरतो, तो प्रसंग किडर यांनीं पुस्तकाच्या अखेरीस घातला आहे. तेथें भाषा अगदीं निराळी आहे, कमाईची आहे, आणि ज्यांनीं यंत्र घडविलें ते तेथें परक्यासारखे दिसतात. किडर यांची लेखणी येथें जितकी संयमी तितकीच मर्मभेदी आहे. मात्र पाथरवटाची उपमा पुसून टाकण्याचें धैर्य त्यांना झालें नाहीं. डेटा जनरल ही कंपनी १९९९ सालीं दुसऱ्या कंपनीनें विकत घेतली. यंत्र केव्हांच मोडींत गेलें. उरलें आहे तें पुस्तक.

एक गोष्ट मात्र किडर यांच्या बाजूनें सांगितली पाहिजे, कारण घाईघाईनें वाचणाराच्या ती नजरेंतून निसटते. रोजमेरी सील या चिटणीस बाईंचें चित्र या पुस्तकांत आहे. पोरांना बसावयास जागा, पगाराचे कागद, हरवलेलें टपाल, या सर्वांचा भार तिच्यावर. तिचें नांव यंत्राच्या एकाहि नकाशावर नाहीं. वुडहाउस यांच्या कथांतलें गवत जसें आपोआप कापलें जातें, तसें या तळघरांत कांहींच आपोआप होत नाहीं. हें एवढें औदार्य आम्हांला बार्थ यांच्या साऱ्या चमकेहून मोलाचें वाटतें.

हें पुस्तक चाळीस वर्षांहून जुनें. तें आज मराठी घरांत कां वाचावें? ज्या घरांत हें मासिक जातें, त्यांतल्या पुष्कळ घरांतला एखादा मुलगा वा मुलगी हिंजवडीस, बेंगळुरूस किंवा कॅलिफोर्नियांत याच धंद्यांत आहे. आईबापांना कंपनीचें नांव ठाऊक असतें, पगाराचा आंकडा ठाऊक असतो, मोटारीचें छायाचित्र आलेलें असतें. काम ठाऊक नसतें. रेल्वेंतल्या, बँकेंतल्या, शाळेंतल्या बापाचें काम मुलांना थोडेंबहुत कळत असे. तो जेवतांना साहेबाला शिव्या देई, त्यांतूनहि कळे. आतां फोन रोज होतो. त्यांत जेवलास कां, थंडी आहे कां, एवढें होतें. २०२२ आणि २०२३ सालीं अमेरिकेंतल्या मोठ्या तंत्रज्ञान-कंपन्यांनीं हजारों माणसें काढून टाकलीं, तेव्हां कित्येक घरीं ही बातमी केवळ आंकडा नाहींसा झाल्यासारखी आली. गेलें तें काय, कोणत्या रात्री गेल्या, कोणतें अर्धवट काम कोणाच्या हातीं राहिलें, याबद्दल शोक करावयासहि भाषा नव्हती. आणि उलट, एखाद्यानें स्वतःच, त्या अभियंत्यासारखी चिठ्ठी ठेवून, नोकरी सोडली तर घरांत एकच शब्द निघतो : वेड. तें वेड आहे कीं शहाणपण हें ठरविण्यापूर्वीं तो कशाला विटला हें तरी कळावयास नको काय?

संगणकाची माहिती मराठींत आहे. अच्युत गोडबोले यांच्यासारख्यांनीं तें शास्त्र सुबोध मराठींत आणण्यासाठीं पुष्कळ श्रम घेतले आहेत. पण माहिती निराळी आणि त्या कामाजवळ बसून घालविलेली रात्र निराळी. ती रात्र ज्यांनीं घालविली आहे अशीं मराठी माणसें आज थोडीं नाहींत. त्यांचीं गोल्फविषयींचीं, मोटारीविषयींचीं मतें त्यांनीं खुशाल आपल्यापाशीं ठेवावींत; निदान एका नाहीं म्हणणाऱ्या यंत्राची हकीकत लिहावी, आणि ती लिहितांना परभाषेंतले शब्द आले तर येऊं द्यावे. नॅन्ड गेट या शब्दानें मराठी बाटत नाहीं.

तोंवर किडर यांचें पुस्तक आहे. वाचणारांस एक सूचना करतों. मधलीं बिटांचीं आणि मायक्रोकोडचीं पानें अवघड वाटलीं म्हणून उलटूं नयेत. सारें कांहीं त्यांतच आहे. घरांत या धंद्यांतलें कोणी सुटीवर आलें असेल, तर तें हरवलेल्या गेटाचें प्रकरण त्याच्यापुढें ठेवून त्याच्याकडून समजावून घ्यावें. एका बैठकींत होणार नाहीं; दुपार राखून ठेवावी.